आधी कार्हूला विचारा

हिल्मा कॉरपीने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत ती कुणासाठीही थांबली नाही. सात वाजून दहा मिनिटांनी बस कोपऱ्यावर यायची आणि सात वाजून अकरा मिनिटांनी निघायची. मागून एखादं पोर दप्तर सावरत, बुटाची नाडी लोंबकळत, ओरडत धावत येत असलं तरी हिल्मा आरशात एकदा बघायची आणि गिअर टाकायची. आमच्या ऑटर बेमधल्या आज चाळिशीला आलेल्या निम्म्या लोकांनी तिच्या बसचे मागचे लाल दिवे बर्फात लांब जाताना कधी ना कधी बघितले आहेत. गावाचं तिच्यावर प्रेम होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दरारा मात्र होता, आणि तो ती निवृत्त झाल्यावरही उतरला नाही.

नवरा रॉय गेल्यावर तिने मोठं घर विकलं आणि तलावाकडच्या टॅमरॅक पार्कात ट्रेलर घेतला. घर आपलं, खालची जमीन भाड्याची, असा तिथला कारभार. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर असं कागदोपत्री असतं, पण हिल्माच्या घराची चाकं केव्हाच गंजून मातीत रुतली होती. हलवायला गेलं असतं तर ते मधोमध दुभंगलं असतं. हे तिला ठाऊक होतं आणि पार्कवाल्यांनाही.

कार्हू हा कुत्रा तिला काउंटीच्या बेवारस जनावरांच्या निवाऱ्यात मिळाला. सहा महिन्यांचा, काळाकुट्ट, एक कान उभा तर एक पडलेला. लाकूडतोड्यांच्या तळावर कुणीतरी सोडून दिलेला. निवाऱ्यातल्या मुलीने "हा जरा हट्टी आहे हं," असं आधीच सांगून ठेवलं. "मग आमचं जमेल," हिल्मा म्हणाली. तिच्या आजीच्या फिनिश भाषेत कार्हू म्हणजे अस्वल. दीड वर्षात तो खरंच अस्वलाएवढा झाला, चौऱ्याऐंशी पौंडांचा.

त्याला रक्तदानाला नेण्यामागे काही थोर विचार नव्हता. जनावरांच्या डॉक्टरकडे भिंतीवर कागद लावलेला होता: कुत्र्यांच्या रक्तपेढीची गाडी दर तीन महिन्यांनी अग्निशमन दलाच्या हॉलवर येणार, पन्नास पौंडांच्या वरचे, एक ते आठ वर्षांचे, शांत स्वभावाचे निरोगी कुत्रे हवेत. हिल्माने कागद वाचला, पायाशी पसरलेल्या धुडाकडे बघितलं आणि म्हणाली, "नुसता खातोस. लाग जरा कामाला."

हॉलमध्ये एक बुटकं टेबल होतं, त्यावर घोंगडी, खाली चढायला लाकडी पायरी. रक्त काढणारी नोरीन नावाची बाई होती, हातावर ओरखड्यांच्या जुन्या खुणा असलेली. हिल्मा सवयीप्रमाणे वाकली आणि कार्हूला उचलायला तिने त्याच्या पोटाखाली हात घातले.

"थांबा," नोरीन म्हणाली. "उचलायचं नाही."

"मग काय, तो आपणहून चढणार आहे?"

"विचारायचं त्याला."

हिल्मा हसलीच. "कुत्र्याला विचारायचं?"

"रक्त त्याचं आहे ना? मग त्यालाच विचारायचं. चढला तर चढला. नाही चढला तर तुम्ही दोघं घरी. मध्येच उठला तरी सुई काढायची. आमची पद्धत आहे ही."

एवढं बोलून नोरीन गुडघ्यावर बसली, घोंगडीवर दोनदा हात थोपटला आणि गप्प राहिली. हिल्माच्या हातात बसच्या दिवसांतलं घड्याळ होतं. पूर्ण चार मिनिटं गेली. कार्हूने पायरी हुंगली, घोंगडी हुंगली, नोरीनचं तोंड हुंगलं. मग तो चढला, एका कुशीवर आडवा झाला आणि त्याने मान लांब केली. मानेवरचे केस चार बोटं भादरले, सुई गेली, पिशवी भरली. त्याने फक्त एकदा मोठा सुस्कारा सोडला. नंतर त्याला मांसाचा अख्खा डबा मिळाला आणि गळ्यात लाल रुमाल.

परत येऊन हिल्मा आपल्या जुन्या पिकअपमध्ये बसली आणि गाडी सुरू करायच्या ऐवजी रडायला लागली. रडू दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. सदुसष्ट वर्षांची झाली होती ती. सतराव्या वर्षी आईला अर्धांगवायू झाला तेव्हा बापाने स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हिल्मा बघेल," आणि शाळा सुटली. रॉयने आपल्या म्हाताऱ्या बापाला घरी आणून ठेवलं ते त्याचं सामान दारात उतरवल्यावर सांगितलं. सासरा अकरा वर्षं जगला. चर्चच्या कॉफीच्या यादीत ती पोचायच्या आधी तिचं नाव लिहिलेलं असायचं. बससुद्धा तिने मागितली नव्हती. आधीचा ड्रायव्हर आजारी पडला आणि शाळेच्या साहेबाने किल्ल्या तिच्या हातात कोंबल्या. आमच्याकडे कॉफीला नको म्हटलं तरी समोरचा कप भरतोच, तसं तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांनी भरून टाकलं होतं. आणि इथे एक शिकलेली बाई गुडघे टेकून एका काळ्या कुत्र्याच्या मर्जीची वाट बघत होती.

"तुला विचारलं रे," ती कार्हूला म्हणाली. "मेल्या, तुला विचारलं." तो लाल रुमाल चावत होता.

त्या दिवसानंतर ती दर तीन महिन्यांनी त्याला न्यायला लागली. कार्हूचं रक्त कुठल्याही कुत्र्याला चालेल असं निघालं, त्यामुळे पेढीवाले त्याची वाटच बघायचे. ते कुणाच्या कुत्र्याला गेलं हे मात्र कुणी सांगायचं नाही. हिल्माला ते फार आवडायचं. कुणी येऊन आभार मानायला नको की कुणाला उपकार वाटायला नकोत. दर वेळी ती कडेला उभी राहून ती तीन-चार मिनिटं बघायची. कार्हू चढायच्या आधीची ती मिनिटं तिला बाकी कशाहूनही मोलाची वाटायची.

मग पार्क विकला गेला. घेणारी कंपनी पूल ओलांडून दक्षिणेकडून आलेली. तिकडच्यांना आमच्याकडे 'पुलाखालचे' म्हणतात, गोष्टीतल्या पुलाखाली दबा धरणाऱ्या राक्षसांसारखे, आणि ते काही लाडाने नाही. पहिल्याच महिन्यात सगळ्यांच्या दाराला नियमांचं चोपडं लटकलं. कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. पायऱ्यांना ठरावीक रंग. कुत्रा पंचवीस पौंडांच्या आतला.

म्हणजे बघा, रक्त द्यायला कमीत कमी पन्नास पौंडांचा कुत्रा लागतो आणि टॅमरॅक पार्कात राहायला जास्तीत जास्त पंचवीस पौंडांचा. शेजारच्या आर्व्हिड म्हाताऱ्याचा पिक्कू नऊ पौंडांचा होता. तो पोस्टमनला दोनदा चावला होता, वीज मंडळाच्या माणसाला एकदा, आणि प्रत्यक्ष आर्व्हिडला किती वेळा ते आर्व्हिड सांगत नसे. पिक्कू नियमात बसत होता.

पार्कचा नवा व्यवस्थापक म्हणून कंपनीने गावातलाच लायल पेल्तो ठेवला. थोराड अंगाचा, घामाघूम होणारा, कुणाशी वाकडं घ्यायला न धजणारा माणूस. तोही कधीकाळी हिल्माच्या बसमधला. ती ऑफिसात शिरली तेव्हा तो खुर्चीतून आपोआप उठला.

"मिसेस कॉरपी, नियम मी केलेले नाहीत," तो आधीच म्हणाला.

"तुला केव्हा काय करता आलंय? ज्यांनी केलेत त्यांना कळव, कुत्रा जाणार नाही."

"मग तुम्हाला जावं लागेल."

"घर हलत नाही, हे तुलाही माहितीय. मी तर त्याहून हलत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती कार्हूला दिवसातून तीनदा ऑफिसच्या खिडकीसमोरून फिरवायला लागली. गळ्यात लाल रुमाल, मान भादरलेली, चाल शवयात्रेतल्या पाद्र्यासारखी संथ. खिडकीसमोर आली की ती थांबायची आणि घड्याळ बघायची. गावच्या साप्ताहिकाने फोटो छापला. रक्तदाता कुत्रा बेघर होणार म्हटल्यावर बातमी पुलापलीकडे गेली आणि कंपनीला घाम फुटला. दोन आठवड्यांत कागद आला. कार्हूला सूट. तो 'सक्रिय रक्तदाता' आहे तोवर त्याने राहावं. दर तीन महिन्यांनी रक्तपेढीचा दाखला ऑफिसात जमा करायचा. दाखला आला नाही तर एकवीस दिवसांनी व्यवस्थापन कुत्र्याला काउंटीच्या निवाऱ्यात नेऊन सोडेल, आणि याला मालकिणीची संमती आहे.

हिल्माने सही ठोकली. जिंकलो म्हणून ठोकली. हे तिच्या हातून झालं आणि ते तिने पुढे कधी नाकारलं नाही.

आर्व्हिडने तो कागद तिच्या स्वयंपाकघरात बसून, चष्मा कपाळावर सरकवून, बोट फिरवत वाचला. पुढ्यात वेलदोड्याचा पाव होता.

"अगं हिल्मा, म्हणजे आता तुझा कुत्रा भाडं भरतो म्हण की. रक्ताने."

"वाचता येत नसेल तर खाली ठेव तो."

"आठ वर्षांचा झाला की पेढीवाले घेत नाहीत ना? मग?"

"आठाला दीड वर्ष आहे. तेव्हाचं तेव्हा बघू."

"बरं, आणि मध्येच त्याला नको वाटलं तर? तूच सांगत असतेस, विचारतात, विचारतात."

"पाव संपव आणि घरी जा, आर्व्हिड."

तो गेला, पण त्याचं बोलणं घरात राहिलं. त्यानंतरच्या दोन खेपांना हिल्माला जाणवलं की ती हॉलच्या दारात कार्हूला "चल, चल की लवकर," असं म्हणतेय. पूर्वी ती ते चार मिनिटांचं थांबणं चवीने बघायची. आता ती श्वास रोखून बघायला लागली. कार्हू चढला की तिचे खांदे खाली यायचे. दाखला घेऊन ती सरळ ऑफिसात जायची, लायल त्यावर शिक्का मारायचा आणि दोघंही एकमेकांकडे बघायची नाहीत.

सप्टेंबरच्या अखेरीस तिसरी खेप आली. बाहेर पाऊस, हॉलमध्ये ओल्या कुत्र्यांचा वास. डॉक्टरने कार्हूला तपासलं, सगळं ठीक निघालं. नोरीन गुडघ्यावर बसली, तिने घोंगडीवर हात थोपटला. कार्हूने पायरी हुंगली. मग त्याने मान वळवली आणि दाराकडे बघत उभा राहिला.

चार मिनिटं झाली. सहा झाली. नोरीनने पुन्हा थोपटलं. तो जागचा हलला नाही. रागावला नव्हता, घाबरला नव्हता. शेपूट सैल होती. त्याला नको होतं, एवढंच.

हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. नोरीनने आवाज खाली आणला. "हिल्मा, मला तुमच्या त्या कागदाचं माहीत आहे. अख्ख्या गावाला माहीत आहे. आपण दोघींनी उचलून ठेवला ना, तर तो काही करणार नाही. इतका गुणी आहे. पाच मिनिटांचं काम. मी हे कधी कुणाला म्हटलेलं नाही."

हिल्मा वाकली. तिने पोटाखाली हात घातले, पहिल्या दिवशी घातले होते तसे. कार्हूने विरोध केला नाही. त्याने अंग सोडून दिलं, वजन तिच्या हातांवर येऊ दिलं आणि नजर भिंतीकडे लावली. ती नजर हिल्माच्या ओळखीची होती. बाप स्वयंपाकघरात "हिल्मा बघेल" म्हणाला तेव्हा सतरा वर्षांची हिल्मा चुलीमागच्या भिंतीकडे अशीच बघत राहिली होती. त्या वेळी कुणी तिच्याकडे वळून बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं. कुणी बघितलं नव्हतं.

तिने हात काढून घेतले.

"नाही," ती म्हणाली. घर जाईल, कुत्रा जाईल, दोन्ही जातील, हे सगळं तिला दिसत होतं आणि तिला मनस्वी भीती वाटत होती. "तुझ्या फॉर्मवर कारणाची ओळ असते ना? लिही."

"काय लिहू? आजारी होता?"

"आजारी नाहीये तो. लिही, विचारलं. नाही म्हणाला."

नोरीनने लिहिलं. लिहिताना तिचे डोळे भरले आणि हिल्माला त्याचाही राग आला.

तो कागद घेऊन ती भिजलेल्या कुत्र्यासकट पार्कच्या ऑफिसात गेली आणि तिने तो लायलच्या समोर आपटला. लायलने वाचला. पुन्हा वाचला.

"मिसेस कॉरपी, हे काय आहे?"

"वाचता येतं ना? माझ्या बसमधून शाळेत गेलास."

"अहो, असं चालत नाही हो." त्याने उठून दार लावलं. "डॉक्टरकडून लिहून आणा, कुत्र्याला ताप होता. दोन ओळी. मी लावून टाकतो, तिकडे कोण बघतंय? पुढच्या खेपेला देईल तो."

"ताप नव्हता."

"मला कुठे माहितीय ताप नव्हता!"

"मला माहितीय. तो धडधाकट आहे आणि त्याला नको होतं. ताप होता म्हणून चालेल आणि नको होतं म्हणून चालणार नाही? का? नको म्हणायला आजारी पडावं लागतं का?"

लायलने कपाळ पुसलं. "तुम्हीच सही केलीय. संमती आहे म्हणून."

"केलीय. मूर्खासारखी केलीय. ती माझी चूक, त्याची नाही. मोज तुझे एकवीस दिवस."

त्या एकवीस दिवसांत गावात दोन तट पडले. बेकरीत, पेट्रोल पंपावर, सौनाच्या गरम वाफेत बाकावर तेवढाच विषय. म्हातारी हट्टापायी कुत्रा घालवणार, असं म्हणणारे जास्त. "दोन ओळी खोटं लिहायला काय झिजते का ही?" असंही म्हणाले लोक. नोरीनने फोन करून सांगितलं की मधल्या काळात कुठे दुसरी खेप नाही. आर्व्हिड रोज यायचा आणि रोज नवी शक्कल काढायचा. कार्हूला त्याच्या चुलतभावाच्या शेतावर लपवू. वजनकाटा बिघडवू. पिक्कूच्या नावावर दोन कुत्र्यांचं वजन दाखवू.

"लपवायचं काय त्यात?" हिल्मा म्हणायची. "त्याने चोरी केलीय?"

दिवसा ती अशी ताठ. पण दुपारी कार्हू तिच्या पायांवर डोकं ठेवून झोपला की ती तासन्‌तास पाय हलवायची नाही, मुंग्या आल्या तरी.

एकविसाव्या दिवशी सकाळी लायल आला. कंपनीचं जाकीट, हातात नवा पट्टा, काखेत फॉर्म. हिल्मा बाहेरच्या लाकडी पडवीत खुर्ची टाकून बसली होती. समोर घोंगडीवर कार्हू आडवा. पलीकडच्या खिडकीत आर्व्हिड, आणि त्याच्या काखेत पिक्कू नरडं फाडून भुंकत होता.

"मिसेस कॉरपी, मला हे करायची हौस नाहीये."

"माहितीय. मी अडवणार नाही तुला. सही माझी आहे. पण माझी संमती झाली, त्याची राहिली. आधी कार्हूला विचार."

"म्हणजे?"

"आमच्यात एक पद्धत आहे. उचलायचं नाही, ओढायचं नाही. विचारायचं आणि थांबायचं. उठून तुझ्याबरोबर आला तर ने. माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही."

लायलने कुत्र्याकडे बघितलं. "ये रे. चल."

"उभ्याने नाही. गुडघ्यावर. नोरीन गुडघ्यावर बसते."

लायल इकडे तिकडे बघून ओल्या फळ्यांवर गुडघ्यावर बसला. त्याची पँट भिजली. त्याने जमिनीवर हात थोपटला. "कार्हू. ये बेटा." कार्हूने त्याचा हात हुंगला. हाताला सकाळच्या मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीचा वास असणार, कारण त्याने तो एकदा चाटलाही. मग त्याने डोकं पुन्हा पंजांवर ठेवलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

हिल्माने घड्याळ बघितलं. एक मिनिट. दोन. पिक्कूसुद्धा दमून गप्प झाला.

"तुम्ही माझ्यासाठी कधी थांबला नाहीत," लायल एकदम म्हणाला. त्याने वर बघितलं नाही. "दुसरीत होतो. जानेवारी होता. बाबा घर सोडून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. आई उठलीच नाही, मी एकटाच आवरून निघालो. धावत होतो. तुम्ही मला आरशात बघितलंत."

"बघितलं."

"आठवतंय तुम्हाला?"

"आठवतंय. एक बूट होता, एक नव्हता."

"मग?"

"मग काय? सात अकरा झाले होते." हिल्माने घड्याळावरची नजर काढली. "चुकलं माझं, लायल. मला थांबता येत नव्हतं. माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं, त्यामुळे असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं. मी ते या कुत्र्याच्या पायी शिकले, फार उशिरा. आता हे ऐकून तू त्याला सोड, असं म्हणत नाहीये मी. उठला तर ने. पण थांब."

लायल थांबला. त्याने एकदा कार्हूच्या गळ्यातल्या पट्ट्याला हात घातला. माणूस थोराड होता, ओढत नेणं त्याला सहज जमलं असतं. कार्हूने अंग सैल सोडलं आणि भिंतीकडेच बघत राहिला. लायलचा हात तसाच राहिला, मग सुटला.

तो उठून पायरीवर बसला, फॉर्म मांडीवर घेतला. "कुत्रा ताब्यात न घेतल्यास कारण" अशी ओळ होती. हिल्माचा तो भिजलेला कागद एकवीस दिवस त्याच्या टेबलावर पडून होता, त्यामुळे शब्द शोधावे लागले नाहीत. विचारलं. नाही म्हणाला. खाली सही, एल. पेल्तो.

"ते दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील," तो म्हणाला.

"पाठवू देत. त्यालाही गुडघ्यावर बसावं लागेल."

"मलाही काढून टाकतील बहुतेक."

"कॉफी घेणार?"

"नको," लायल रिवाजाप्रमाणे म्हणाला आणि कप भरायची वाट बघत बसला. हिल्मा किटली घेऊन तशीच उभी. बराच वेळ गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. "अहो, म्हणजे... हो. हवीय."

"मग तसं म्हण ना," हिल्मा म्हणाली आणि तिने कप काठोकाठ भरला.

लायलला काढलं नाही, कारण त्या पगारात पार्क सांभाळायला दुसरं कुणी मिळेना. कंपनीने दोन माणसं पाठवली. एकाने कार्हूसमोर गुडघे टेकले आणि तो हात हलवत परत गेला. दुसरा वाकायला तयार नव्हता, त्याने पट्टा ओढला. तेव्हा पार्कातली चौदा माणसं आपापल्या पडवीत येऊन नुसती उभी राहिली. खोटं लिहायला सांगणारेही त्यांत होते. त्याने पट्टा सोडला. मग पत्रं यायला लागली. हिल्मा प्रत्येक पत्रावर लाल पेन्सिलीने तीनच शब्द लिहायची, आधी कार्हूला विचारा, आणि ते परत टपालात टाकायची.

डिसेंबरची खेप हिमवादळात बुडाली. एप्रिलमध्ये बर्फ अजून रस्त्याच्या कडेला साचलेलं असताना रक्तपेढीची गाडी आली. हिल्मा कार्हूला घेऊन हॉलवर गेली, दारात "चल" म्हणाली नाही. नोरीन गुडघ्यावर बसली. कार्हूने पायरी हुंगली, घोंगडी हुंगली आणि दुसऱ्याच मिनिटाला चढून आडवा झाला. मान लांब केली.

नोरीनने दाखला भरला, शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "घ्या. हा तेवढा ऑफिसात देऊन टाका. मिटलं सगळं."

खरंच मिटलं असतं. कार्हूला आठ व्हायला अजून वेळ होता. पत्रं थांबली असती, लायलला झोप लागली असती, हिल्माला रोज सकाळी रस्त्यावर गाडी थांबली की छातीत धस्स झालं नसतं. तिने दाखला घेतला, वाचला आणि चार घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"त्याने दिलंय ते कुठल्या तरी कुत्र्याला दिलंय," ती म्हणाली. "कंपनीला नाही."

वाटेत पार्कच्या ऑफिसवरून ती पिकअप हळू करत गेली. लायल खिडकीत होता. कार्हू शेजारच्या सीटवर लाल रुमाल चावत बसला होता. हिल्माने काच खाली केली, हात हलवला आणि ती न थांबता घरी गेली.